जर्मनीत सुपरमार्केटमधली तीन-चार युरोंची वाइन पिण्यालायक असते का? चांगली कशी ओळखायची?

असते. आणि त्याचं श्रेय दुकानापेक्षा इथल्या करपद्धतीला जास्त आहे. जर्मनीत साध्या, म्हणजे बुडबुडे नसलेल्या वाइनवर अबकारी कर शून्य. फक्त १९ टक्के व्हॅट. लंडनला राहणारे आपले लोक साधारण तशीच बाटली घेतात तेव्हा अडीच पौंडांच्या वर नुसती ड्यूटी भरतात, त्यावर पुन्हा व्हॅट. त्यामुळे तिकडच्या स्वस्त बाटलीत वाइनच्या वाट्याला फार काही उरत नाही.

तरी माझं मत विचाराल तर तीनऐवजी पाच-सहा युरो घाला. काच, झाकण, लेबल, वाहतूक हा खर्च दोन्ही बाटल्यांना जवळपास सारखाच येतो. मग वरचे पैसे बऱ्यापैकी द्राक्षांवर जातात. दहाच्या पुढे मात्र सुपरमार्केटमध्ये मी क्वचितच जातो. तेवढे द्यायचे तर थेट शेतकऱ्याकडून घ्यावी. मी मानहाइमला राहतो, ऱ्हाइन ओलांडली की फाल्त्सचे द्राक्षमळे सुरूच होतात.

आता निवड. पुढचं लेबल सोडून द्या, तिथे किल्ले आणि सोनेरी अक्षरं असतात. बाटली फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ‘गुट्सआबफ्युलुंग’ लिहिलं असेल तर द्राक्षं स्वतःच्या मळ्यातली आणि बाटलीही त्यांनीच भरलेली. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ असेल तर बहुतेक वेळा शेतकऱ्यांची सहकारी संस्था असते. आपल्याला साखर कारखान्यांमुळे सहकार म्हटलं की धडकी भरते, पण इथल्या या संस्थांची वाइन पैशाच्या मानाने फार चोख असते. नुसतं ‘आबफ्युलर’ असेल तर ती कंपनी वाइन विकत घेऊन बाटल्या भरते. वाईटच असते असं नाही, पण कुठल्या मळ्यातली ते कळत नाही.

तिथेच ‘ए. पी.’ नावाचा सरकारी तपासणी क्रमांक सापडेल. त्यात शेवटचे आकडे तपासणीच्या वर्षाचे, आणि मधे बाटली भरणाऱ्याचा नंबर. अल्डी या सुपरमार्केटमधली एक बाटली आणि रेवे या सुपरमार्केटमधली दुसरी, नावं वेगळी, लेबलं वेगळी, किंमत वेगळी, आणि मधले आकडे तेच निघाले तर दोन्ही एकाच तळघरातून आल्यात. हे शोधायचा मला नादच लागलाय, बायको दुकानात माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहते.

गोडीचं गणित नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, गोड नसलेली, लिटरला फार तर ९ ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ १८ पर्यंत, ‘लीब्लिश’ ४५ पर्यंत. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात व्याख्याच नाही, पण बहुधा थोडी गोडसर निघते. काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. मोझेल नदीकाठच्या रीसलिंगवर (ही पांढऱ्या द्राक्षाची एक जात) ८ किंवा ९ टक्के असेल तर द्राक्षातली बरीच साखर आंबवलीच गेलेली नाही, म्हणजे वाइन गोड. १२ असेल तर बहुधा कोरडी.

तुलना करायची तर आज एक, पुढच्या शनिवारी दुसरी, असं करू नका, काही लक्षात राहत नाही. एकाच जातीच्या द्राक्षाच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या घ्या, एक तीनची, एक सहाची. दोन्ही सारख्याच गार करा, दोघांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि ओतायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. फ्रीजमधून काढल्या काढल्या दोन्ही सारख्याच लागतात. वीस मिनिटांनी, ग्लासात जरा कोमट झाल्यावर पुन्हा प्या. स्वस्तातली तेव्हा अनेकदा नुसती आंबट उरते आणि दुसरीला सफरचंदाचा, कधी पीचचा वास सुटतो. कधी उलटही होतं. मग तीनवालीच घ्या, लाजायचं काय त्यात!

जेवणाबरोबर म्हणाल तर आपल्या तिखटाशी कोरडी, जड रेड घेऊ नका. त्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखट आणखी भडकतं. कोंबडीच्या रश्श्याबरोबर ती गोडसर, कमी अल्कोहोलची रीसलिंग काबिनेट (काबिनेट म्हणजे हलक्या वाइनचा दर्जा) घेऊन बघा. आंबटगोड चव झणझणीतपणाला छान सांभाळून घेते. तळलेल्या मासळीला कोरडी सिल्वानर किंवा ग्राउबुर्गुंडर, या दोन्ही पांढऱ्या वाइन.

बुडबुडेवालीचं मात्र वेगळं आहे. जर्मन झेक्टवर बाटलीमागे १.०२ युरो कर लागतो. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमाराच्या खर्चाला म्हणून १९०२ साली हा कर बसवला. ते आरमार १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे बुडालं, कर मधे काही वर्षं उठला आणि पुन्हा बसला तो आजतागायत आहे. प्रोसेको, म्हणजे इटलीची बुडबुडेवाली, घेताना म्हणून बूच बघा. तारेच्या जाळीत बांधलेलं फुगीर बूच म्हणजे ‘स्पुमांते’, त्यावर हा कर. फिरकीचं झाकण असलेली कमी फसफसणारी ‘फ्रिझांते’ त्यातून सुटते, म्हणून स्वस्त मिळते. पाहुण्यांना सरबतासारखं काही मिसळून द्यायचं असेल तर तीच पुरे.

महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा काय गदारोळ झाला होता आठवतं ना? इथे ती दूध-पावाच्या पलीकडच्या रांगेत असते आणि कुणी वळूनही बघत नाही. त्यामुळे घाई करू नका, निवांत उभं राहून मागचं लेबल वाचा.

आणि एखादी बाटली नाहीच आवडली तर ओतून देऊ नका. फाल्त्समध्ये ठिपक्याठिपक्यांचा अर्ध्या लिटरचा ग्लास मिळतो, डुबेग्लास. त्यात वाइन, वर थंडगार सोडा. याला शोर्ले म्हणतात, आणि त्यासाठी इथले लोक मुद्दाम लिटरची स्वस्त बाटली विकत घेतात.