हातात ६० हजार पगार येतो. रत्नागिरी-चिपळूण भागात किती किमतीचा फ्लॅट परवडेल?

तुम्ही लिहिलंय की बँक ३३ लाख द्यायला तयार आहे, शिल्लक १२ लाख आहे, म्हणजे ४५ लाखांचा फ्लॅट बसेल. कृपया तिथवर जाऊ नका. पतसंस्थेत वर्षानुवर्षं कर्जाचे अर्ज तपासलेत, म्हणून कळकळीने सांगतो. बँक बघते ती आपले पैसे परत येतील का. हप्ता भरल्यावर तुमच्या घरात काय उरेल, ते तुम्हीच बघायचं.

हिशेब वर्षाचा मांडा. आपल्याकडे खर्च दरमहा सारखा येतच नाही. जूनला शाळेची फी, मग गणपतीला गावी जाणं, शिमगा, विम्याचे हप्ते, आईवडिलांची औषधं. तुमचे वर्षाचे ७ लाख २० हजार. घरखर्च भाड्यासकट महिना २८ हजार म्हणता, ते ३ लाख ३६ हजार झाले. हे सणावाराचे आणि वर्षातून एकदा येणारे खर्च १ लाख २० हजार धरतो, म्हणजे महिना १० हजार. महिना ५ हजार अडीअडचणीला, त्याला हात लावायचा नाही. उरले महिना १७ हजार. भाड्याचे ८ हजार सुटतील, पण मेंटेनन्स आणि घरपट्टीपोटी २ हजार जातील. म्हणजे तुमचा हप्ता २३ हजार. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत असेल तर लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. कर्ज झालं साडेपंचवीस लाख.

शिल्लकीतले ३ लाख आजारपणासाठी ठेवाच. उरलेले ९ मिळवून साडेचौतीस लाख. यातूनच मुद्रांक शुल्क जायचं, ६ टक्के धरून चला. नोंदणी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांच्या आतल्या, ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) असलेल्या फ्लॅटला १ टक्का जीएसटी; पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला तो नाही. ग्रिल, पंखे, ओटा, कपाटं यांना दीड लाख. असं करत फ्लॅटची किंमत साडेतीस लाखांच्या आसपास येते. बँकेचे ३३ लाख घेतलेत तर साडेपंचवीस लाखांच्या वरचा फरक तुम्ही वीस वर्षं भरत राहणार आहात. खरेदीखत फक्त पत्नीच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेही बघा.

व्याजदर बदलता असतो हे विसरू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा कितीतरी कर्जदारांची मुदत वाढली. वरच्या हिशेबात दर १० टक्के झाला तर हप्ता दीड हजाराहून जास्त वाढतो.

आणि आपला पाऊस. समुद्राजवळच्या इमारतीत खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजतात, गच्ची गळते, सोसायटी वर्गणी मागते. फ्लॅट शक्यतो भर जुलैत बघायला जा, वरच्या मजल्याचा असेल तर नक्कीच. चिपळुणात घेणार असाल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते एजंटला न विचारता शेजारच्या दुकानदाराला विचारा.

टोकन देण्याआधी सहा महिने भाड्याव्यतिरिक्त १७ हजार वेगळ्या खात्यात टाकून बघा, त्यात गणपती यायलाच हवेत. जमलं तर घ्या. ओढाताण झाली तर किंमत आणखी खाली आणा.