पत्र्यावरचा उजेड

गेल्या अंकात माझ्या १९९० च्या लाल माझदा एमएक्स-५ चा, म्हणजे माझ्या दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या गाडीचा, फोटो आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न मलाही कितीतरी जणांनी तोंडावर विचारला आहे.

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर १९९३ ची एमएक्स-५ घेतली. त्याच गाडीची नवी पिढी शोरूममध्ये मिळत असताना तीस वर्षांपूर्वीची कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "तू नुसती बघ तिच्याकडे." मी बघते. मला ती साबणाच्या वडीसारखी दिसते. यात खरंच काही आहे, की तरुणपणी न मिळालेली वस्तू आता घेण्याचा हा हट्ट? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : साबणाची वडी म्हणालात ते मला फार आवडलं. आठ दिवस हातात फिरलेली वडी डोळ्यांसमोर आणा. कडा सगळ्या गेलेल्या असतात, तरी मुठीत धरली की फुगवटा कुठे आणि खोलगट कुठे ते बोटांना कळतं. ही गाडी तशीच आहे, आणि म्हणून ती दुपारी बाराच्या उन्हात बघून कळत नाही.

एक करा. यजमानांना गाडी धुऊन ठेवायला सांगा आणि सकाळी ऊन तिरपं असताना तिच्याभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घाला. बघायचं ते तिच्या अंगावरच्या उजेडाकडे. पुढच्या चाकाच्या वरून एक उजळ पट्टा निघतो, दारावर बारीक होतो, दाराच्या कडीपाशी जवळजवळ विरतो आणि मागच्या चाकावर पुन्हा रुंद होतो. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की तो पट्टाही सरकतो. त्या दारावर घडी पाडलेली एकही रेघ नाही. कोणी नंतर रबरी पट्टी चिकटवली असेल तर ती वेगळी, आणि माझं ऐकाल तर ती काढा.

मी कसबा पेठेत वाढले. शाळेचा रस्ता तांबट आळीतून जायचा. मठाराचं काम तुम्ही पाहिलं असेल तर आठवेल : हंडा फिरवत फिरवत शेजारी शेजारी ठोके पडत जातात. एक काका मधेच हातोडी खाली ठेवून हंडा उन्हात धरायचे आणि डोळ्यांसमोर हळूच फिरवायचे. उजेड जिथे अडखळेल तिथे पुन्हा हातोडी. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पिंपरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे, तपासणीला लागले, तेव्हा तेच काम ट्यूबलाइटखाली केलं. पत्र्यावरून तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि नळ्यांची प्रतिबिंबं सलग वाहतात का ते बघायचं. प्रतिबिंब तुटलं की तिथे खळगा. त्या कामामुळे एक गोष्ट पक्की कळली. पत्र्याला घडी पाडली की तो ताठ राहतो आणि नजर घडीवरच जाते, आजूबाजूचं सगळं खपून जातं. साधा, फुगीर पत्रा मात्र काहीच लपवत नाही. तो दाबून काढायला अवघड, आणि तो आखणाऱ्याकडे तर फारच धीर लागतो.

हा धीर कोणी दाखवला, तेही सांगते. हलकी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी करा, हे १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवलं. पुढे तो स्वतःच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत कामाला लागला. तिथे टॉम मातानो, मार्क जॉर्डन, वू-हुआंग चिन, कोइची हायाशी यांनी आकार घडवला. पहिला चालता नमुना मात्र इंग्लंडमध्ये तयार झाला, १९८५ मध्ये, आयएडी नावाच्या संस्थेने केला, आणि तोही मी राहते त्या वर्दिंगमध्ये. समुद्राकडे चालायला जाताना हे माझ्या मनात येतंच. शेवटचा हात फिरवला हिरोशिमात शुंजी तानाका यांनी. त्यांच्यासमोर जपानच्या पारंपरिक नो नाटकातले मुखवटे होते. हा मुखवटा लाकडाचा, हलत नाही की डोळे मिचकावत नाही. पण नटाने तो किंचित वर केला की उजेड पडून हसरा दिसतो, जरा खाली झुकवला की सावली पडून खिन्न. वर करण्याला जपानीत 'तेरासु' म्हणजे उजळवणं म्हणतात, खाली झुकवण्याला 'कुमोरासु' म्हणजे झाकोळणं. गाडीचा पत्राही उजेडाने असा भाव बदलणारा हवा, असा त्यांचा ध्यास होता. मला हे कळलं ते गाडी घेतल्यावर पाच-सहा वर्षांनी. तोवर मी रोज सकाळी तेच बघत होते.

गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. बेताच मोठी : लांबी चार मीटरच्या आत, वजन हजार किलोच्या आत, इंजिन १.६ लिटरचं. पुष्कळ जण म्हणतात की तिने जुन्या ब्रिटिश लोटस एलानची नक्कल केली. ऋण आहे, ते कोणी नाकारत नाही. पण दोन्ही शेजारी उभ्या करून बघा, एलान अंग चोरून बसल्यासारखी दिसते आणि ही ऐसपैस श्वास घेतलेली. मागचा दिवा तर मुद्दाम बघा. लाल, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही भाग एका लंबगोलात असे बसले आहेत की सुटे करताच येऊ नयेत. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाने हा दिवा संग्रहात ठेवला आहे.

आता हट्टाचं. मी ही गाडी तरुणपणी पाहिलीच नव्हती. २००४ मध्ये इथल्या एका गल्लीत, पाऊस नुकताच थांबला होता, तेव्हा पहिल्यांदा दिसली आणि मी पिशव्या हातात घेऊन उभीच राहिले. आठवणीतलं काही परत मिळवायचं नव्हतं मला. सध्याची पिढी मी चालवली आहे. उत्तम गाडी आहे, आणि तिच्या मागच्या चाकावरची गोलाई मला मनापासून आवडते. पण तिचा चेहरा रागावलेला आहे, डोळे बारीक केलेले. तुमच्या अंगणातली गाडी कोणावर रागावलेली नाही. यजमानांना तेच म्हणायचं असावं.

प्रश्न : माझ्याकडे १९९१ ची युनोस रोडस्टर आहे, म्हणजे जपानी नावाची एमएक्स-५, जपानहून आणलेली. वर येणाऱ्या दिव्यांपैकी डावा अर्ध्यात अडकतो. मित्र म्हणतो, ही यंत्रणाच काढ आणि एलईडीचे पक्के दिवे बसव. काय करू? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : कृपा करून काढू नका. ते दिवे हौसेपोटी आलेले नाहीत. अमेरिकेत दिवा जमिनीपासून ठरावीक उंचीच्या खाली चालत नव्हता, आणि बॉनेट तर हवं होतं बसकं. दिवा मिटवून आत ठेवला म्हणून नाकाची ती सलग उतरंड मिळाली. दुसऱ्या पिढीत, १९९८ पासून, दिवे पक्के झाले. ती गाडीही देखणी आहे, पण उजेडाचा पट्टा तिच्या नाकावरून वाहत येतो आणि दिव्याच्या काचेपाशी थांबतो. तुमच्या गाडीवर तो बंपरपर्यंत उतरतो. हे एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं.

अडकण्याचा दोष बहुधा मोटरमध्ये किंवा तिच्या जोडणीत असतो, आणि हे काम मोठं नाही. तोवर एक सोय लक्षात ठेवा. बॉनेट उघडून त्या दिव्यांचा फ्यूज आधी काढा, मग मोटरवरच्या रबरी टोपीखाली जी खुंटी आहे ती हाताने फिरवा. दिवा सावकाश पूर्ण वर येईल किंवा पूर्ण खाली जाईल. फ्यूज न काढता बोटं घालू नका. शिवाय दिवे न लावता नुसते वर करायचं बटण डॅशबोर्डवर आहे. आठवड्यातून एकदा ते दाबत जा. सांधे मोकळे राहतात. माझी नात गाडीजवळ आली की आधी तेच दाबायला मागते आणि गाडी जागी झाली म्हणून टाळ्या वाजवते.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. आमच्या पिढीला माझदा म्हणजे स्वराज माझदाची शाळेची बस. इंग्लंडमधून अशी जुनी एमएक्स-५ भारतात आणता येईल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, असा नियम आहे. नियम बदलतात, म्हणून विदेश व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना बघून घ्या, पण १९९० च्या गाडीवर आज पैसे अडकवू नका. इकडे आलात तर माझ्याकडे या, किनाऱ्याने चक्कर मारू. बसवरच्या त्या नावाचं एक सांगते : कंपनी स्वतः सांगते की ते संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळतं आणि पारशांच्या अहुर मझ्दा या देवावरूनही घेतलं आहे. म्हणजे जे नाव मुंबईच्या अग्यारीत घेतलं जातं तेच त्या बसच्या नाकावर होतं.

प्रश्न : मागच्या चाकापुढे, दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आले आहेत. गॅरेजवाला म्हणतो, घासून लांबी (पुटी) भरून रंग मारतो, दोन दिवसांत गाडी नवी. बरोबर आहे का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : २०११ मध्ये मी हेच ऐकलं आणि हो म्हणाले. गाडी न्यायला गेले तेव्हा पाऊस होता, रंग तुकतुकीत दिसला, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मागच्या चाकावरचा फुगवटा लांबी घासता घासता सपाट केला होता. उजेडाचा पट्टा दारावरून यायचा आणि तिथे येऊन मोडायचा. ज्याने आयुष्याची काही वर्षं तेच बघण्यात घालवली त्याला ते दिवसातून दहा वेळा दिसतं. दीड वर्षाने लांबीखालून गंज पुन्हा वर आला. मग दुसऱ्या कारागिराकडे दिली. त्याने सडलेला पत्रा कापून काढला, नवा तुकडा वेल्ड केला आणि रंगाच्या आधी मला बोलावून विचारलं, "हात फिरवून बघा, बरोबर आहे का?" मी डोळे मिटून हात फिरवला. तीन ठिकाणी दाखवलं, त्याने तीनही दुरुस्त केली. असा माणूस शोधा, महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

वेल्डिंगनंतरही पाणी आतच साचत राहिलं तर ते काम वाया जाईल. टपाच्या कापडावरून उतरलेलं पाणी मागे एका पन्हळीत जमतं, तिथून दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबापाशी असलेल्या नळीतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली बाहेर पडतं. पाचोळ्याने ती नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळीत शिरतं, आणि गंज आतून बाहेर येतो. तुम्हाला फोड दिसतो तेव्हा आत चाळणी झालेली असते.

दर शरद ऋतूत, पानगळ संपली की, पडद्याला वापरतात ती प्लॅस्टिकच्या आवरणाची स्प्रिंग घ्या, टोक बोथट करा आणि वरून हलक्या हाताने सोडा. जोर लावू नका, नळी जागेवरून निसटते. मग तांब्याभर पाणी सावकाश ओता आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी धार पडायला हवी. एका बाजूची थेंबथेंबच पडत असेल तर गॅरेजवाल्याला रंगाचं आत्ताच काही सांगू नका, आधी ती बाजू मोकळी करा आणि मला कळवा.