स्त्रीआरोग्यावर काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं का?

नमस्कार,

बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या तुमच्या मुलीला संख्याशास्त्र शिकून पुढे स्त्रियांच्या आरोग्यधोरणावर काम करायचंय. तुमचा आग्रह आहे, 'आधी स्त्रीरोगतज्ज्ञ हो, मग बघू. डॉक्टर नसलेल्याचं कोण ऐकतं?'

तिच्या गुणांची काळजी नाही. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मात्र मी थांबले. पत्नीला कित्येक वर्षं पाळीत असह्य दुखायचं, 'सगळ्यांनाच दुखतं' म्हणून तिला परत पाठवलं जायचं, शेवटी एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, निघालं, असं तुम्हीच लिहिलंय आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळलात. मुलगी हे सगळं बघत मोठी झाली. निदानाला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न तिला तिथेच पडला असणार. आईचं कोणी ऐकून घेतलं नाही. आता तिचंही घरात ऐकलं जात नाहीये. हे मला फार लागलं.

स्त्रियांचं आरोग्य म्हणजे पाळी आणि बाळंतपण, हा तुमचा समज चुकीचा आहे. जगभरात स्त्रियांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचं उदाहरण घ्या. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरलेलं असू शकतं. तरी अमेरिकेत 1992 पासून स्त्री-पुरुषांना एकच मात्रा दिली जात होती. स्त्रियांसाठी ती निम्मी करायला 2013 उजाडलं. त्याच देशात 1977 च्या एका मार्गदर्शक सूचनेने मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवलं होतं. 1993 मध्ये ती सूचना बदलली आणि सरकारी पैशांवरच्या चाचण्यांत स्त्रियांना घेणं कायद्याने बंधनकारक झालं. असे बदल घडायला स्त्रियांचे आकडे वेगळे काढून पाहणारे आणि नियम लिहिणारे लोक लागतात.

डॉक्टरकीचा उपयोग होतो, हे मान्य. बर्नाडिन हीली हृदयरोगतज्ज्ञ होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या आणि 1991 मध्ये त्यांनी स्त्रियांच्या आरोग्याचा प्रचंड अभ्यास सुरू करवला. पण दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या त्या माहितीचा अर्थ संख्याशास्त्रज्ञांशिवाय लागलाच नसता. आणि नुसत्या पदवीने अधिकार मिळत असता, तर जगभरच्या आरोग्यसेवेत दोन तृतीयांश स्त्रिया असताना वरिष्ठ पदांवर त्या जेमतेम पाव का?

रुग्ण तपासायची ओढ असेल तरच वैद्यकीय प्रवेश परीक्षा. नाहीतर संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राची पदवी, मग सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण. सुरुवातीची वर्षं रुक्ष असतात. माहिती गोळा करायची, तक्ते तपासायचे, अहवाल लिहायचे. एकेका निर्णयाला वर्षं लागतात. हे तिला आत्ताच सांगा.

आणि एक करा. एखाद्या औषधाच्या चाचणीचा प्रसिद्ध झालेला अहवाल तिला वाचायला द्या. त्यात स्त्रिया किती होत्या, त्यांचे निष्कर्ष वेगळे दिलेत का, हे तिला शोधू दे. मग ती तुम्हाला समजावून सांगेल तेव्हा मध्ये न बोलता ऐका. पुढचं पत्र तिला लिहू द्या.