प्रत्येक पदार्थाला वेगळी प्लेट?

प्रश्न : नव्या रेस्टॉरंटसाठी प्लेट्स, बोल घ्यायचे आहेत. शेफना मेनूतल्या प्रत्येक पदार्थाला वेगळी प्लेट हवी आहे. काय करावं?

उत्तर : शेफचा हट्ट अर्धाच पुरवा. मुख्य पदार्थांना २७-२८ सेंटिमीटरची, साधी पांढरी, एकच प्लेट ठेवा. सॉस पातळ असेल तिथे रुंद काठाचा उथळ बोल. वेगळेपणाचा मान दोन-तीन खास पदार्थांनाच द्या, तोही जुळत्या रंगात. मॅट ग्लेझ, म्हणजे प्लेटवरचा चकाकी नसलेला थर, फोटोत देखणं दिसतं, पण त्यावर काट्या-सुऱ्यांच्या करड्या रेघा उमटतात. मी तरी ते टाळते. स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीची जाड, जड भांडी, घेणार असाल तर दहा प्लेट्सची चळत स्वतः उचलून पाहा. वेटरची बाजू लगेच कळेल! आणि पुढेही सुटे नग मिळतील का, हे ऑर्डरआधीच विचारा. प्लेट्स फुटणारच आहेत.