नऊ वर्षांच्या मुलीला गुलामीतून सुटलेल्यांचा इतिहास कसा सांगावा?
नऊ वर्षांच्या मुलीला अमेरिकेतल्या गुलामीतून निसटलेल्या लोकांबद्दल सांगायचंय, पण ती घाबरायला नको, असं तुम्ही विचारलंय. मी एलन आणि विल्यम क्राफ्ट या जोडप्यापासून सुरुवात करेन.

डिसेंबर १८४८ मध्ये दोघं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरातून निघाले. एलनचा रंग उजळ होता, म्हणून तिने आजारी गोऱ्या मालकाचा वेश घेतला आणि विल्यम तिचा नोकर झाला. तिला लिहिता येत नव्हतं. हॉटेलात सही मागितली तर? म्हणून उजवा हात झोळीत बांधून घेतला! रेल्वे, बोट असं करत नाताळच्या दिवशी ते उत्तरेत, गुलामी नसलेल्या फिलाडेल्फियाला पोहोचले. इथे थांबा आणि मुलीला विचारा, एलनला लिहायला का शिकवलं नसेल? गुलामांना शिकवणं तिथे कायद्याने गुन्हा होता. हे ऐकून मुलं चिडतात. चिडू द्या.

मग हॅरिएट टबमन सांगा. १८४९ साली त्या मेरीलँड राज्यातल्या गुलामीतून सुटल्या आणि वारंवार परत जाऊन सुमारे ७० जणांना सोडवून आणलं.

फक्त याची नुसती साहसकथा करू नका. एलनला अकराव्या वर्षी आईपासून तोडून मालकाच्या मुलीला लग्नाची भेट म्हणून दिलं होतं. मारहाणीचे तपशील या वयात नकोत, पण ही ताटातूट लपवू नका. बहुतेकांना पळता आलंच नाही, हेही सांगा.

थोडी मोठी झाली की तिला जोतीराव फुल्यांची १८७३ सालची 'गुलामगिरी' दाखवा. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांच्या नावे आहे.