चवथीआधी कॉम्प्रेसर घेताना

प्रश्न : घरामागच्या मांगरात मी सुतारकाम करतो. मामांची गणपतीची चित्रशाळा आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टात मूर्ती रंगवायलाही मीच असतो. आजवर भाड्याच्या कॉम्प्रेसरवर भागवलं, यंदा स्वतःचा घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो 1 एचपी पुरे, मित्र म्हणतो टाकी मोठी घे, आणि एकजण आपला जुना स्वस्तात देतोय. मागच्या वर्षी मूर्तीच्या पितांबरावर पाण्याचे बारीक ठिपके उठले होते, तेही यंदा नकोत. काय घेऊ आणि कसा बसवू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ठिपक्यांपासूनच सुरुवात करतो. गोव्यात कॉम्प्रेसर घेणाऱ्याने आधी पाण्याचा विचार करावा, एचपीचा मागाहून.

श्रावणातली आपली हवा म्हणजे ओला पंचाच. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते आणि पावसाळ्यात ती जवळजवळ तेवढी असतेच. कॉम्प्रेसर आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवतो. ती थंड झाली की तिच्यात वाफ मात्र 30 ग्रॅमच मावते, बाकीचं पाणी होतं. साधा 2 एचपीचा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर पेलाभर पाणी निघतं. ते टाकीत राहिलं तर ठीक, पण टाकीतली हवा गरम असते. बरीच वाफ तशीच पाइपात जाते, तिथे थंड होते आणि रंग फवारायच्या गनमधून थेट पितांबरावर.

म्हणून पाणी पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावून उपयोग नाही. कॉम्प्रेसरपासून सहा-सात मीटर धातूचा पाइप भिंतीवरून न्या, थोडा उतार द्या, शेवटाला पाणी साचायला खाली पाइपाचा एक तुकडा सोडून त्याला नळ बसवा. गनची जोडणी मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढा, म्हणजे तळाचं पाणी तिच्यात शिरणार नाही. फिल्टर आणि रेग्युलेटर तिथे, गनच्या जवळ. पाइप पीव्हीसीचा नको, कितीही स्वस्त पडला तरी. दाबाखाली तो तडकला की तुकडे सुरीसारखे उडतात.

आता आकार. दुकानदार सांगतो तो सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, बहुतेक वेळा पिस्टनच्या हिशेबाचा असतो. गनला प्रत्यक्षात मिळते ती हवा त्याच्या साधारण 60 ते 70 टक्के, म्हणून 'फ्री एअर डिलिव्हरी' किती आणि ती किती पाउंड (पीएसआय) दाबाला, तेच विचारा. मूर्तीच्या शेडिंगची एअरब्रश जेमतेम एक सीएफएम खाते, छोटी टच-अप गन तीन-चार. तेवढ्यापुरतं 1 एचपी चालेल. पण दाराला किंवा कपाटाला मोठ्या गनने लॅकर मारायचा तर 2 एचपी घ्या, आणि तरीही मधे थांबावं लागेल. हवेवर चालणारा सँडर (लाकूड घासायचं यंत्र) मात्र घरच्या कॉम्प्रेसरवर नको, तो हवा नुसती पितो. विजेचाच वापरा. मित्राचं टाकीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं. मोठ्या टाकीने मोटर कमी वेळा सुरू होते, पण हवा वाढत नाही. सुतारकाम आणि मूर्ती दोन्ही आहेत, तर मी 2 एचपी, पट्ट्यावर चालणारा, तेल घालायचा आणि 100 लिटरच्या आसपास टाकीचा घेईन. बिनतेलाचे छोटे कॉम्प्रेसर कानठळ्या बसवतात. शेजारी वस्ती असेल तर फार.

जुन्याबद्दल मनापासून सांगतो. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि माझी वर्कशॉपमधली फिटरची नोकरी गेली, तेव्हा मीही एक जुना स्वस्तात उचलला होता. बाहेरून ताजा निळा रंग होता. दोन पावसाळ्यांनी एका सकाळी टाकीच्या पोटाखाली फरशी ओली दिसली. बोटाने चाचपलं तर रंगाचा पोपडा सुटून आला आणि खालचा पत्रा बिस्किटासारखा. पेचकसाचं टोक टेकवलं, ते आत गेलं. आदल्याच दिवशी त्याच टाकीत 100 पाउंड हवा होती आणि माझा मुलगा शेजारी बसून लाकूड घासत होता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गंज आतून येतो, बाहेरून कळत नाही. टाकीच्या तळाचा नळ जाम असेल तर समजा की पाणी कधी सोडलंच नाही. तो कॉम्प्रेसर घेऊ नका. आणि अशा टाकीला वेल्डिंगचं ठिगळ कधीही मारू नका.

वीज. 2 एचपी सिंगल फेज मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. मांगरापर्यंत स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, सी प्रकारची एमसीबी (जादा वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच. गन लांब न्यायची तर हवेचा पाइप लांब घ्या, वायर नको. मोटर बंद होताना 'फुस्स' आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर पिस्टनवरचा दाब सुटलेला नसतो, पुढच्या वेळी मोटर नुसती गुणगुणते आणि जळते.

कॉम्प्रेसर सपाट जमिनीवर, रबरावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भुसा उडतो त्या बाजूला हवा ओढायचं तोंड नको. तेल पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. संध्याकाळी थोडासा दाब शिल्लक ठेवून तळाचा नळ सावकाश उघडा, पावसाळ्यात दुपारीही एकदा. चवथ झाल्यावर कॉम्प्रेसर महिनाभर पडून राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून तो नळ उघडाच ठेवा.