गावातली पहिली 'सगळ्यांसाठी' धाव : आखणी शेपटाकडून करा

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात जानेवारीत पहिल्यांदाच मॅरेथॉन घ्यायची आहे, साधारण 500 माणसं, पळणारे, चालणारे, आजी-आजोबा, व्हीलचेअरवरचे, सगळे हवेत. तर अंतरं कोणती, 21 किमी (अर्धमॅरेथॉन) ठेवावं का, आणि वेळ नोंदवणारी चिप लागते का. आमच्या गावात आठ वर्षं हेच करतोय. त्यातली पहिली दोन चुका करण्यात गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी नावाचं. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किमी. आपल्याकडे तीन किमीलाही मॅरेथॉन म्हणतात, फ्लेक्सवर खुशाल म्हणा, पण नोंदणीच्या फॉर्मवर अंतर ठळक लिहा. एक गृहस्थ 21 ची तयारी करून, कमरेला पट्टा आणि जेलची पाकिटं लावून आमच्या 10 ला आले होते. बिचारे दोनदा पळाले.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी आम्ही सगळा विचार पुढच्या माणसांचा केला. बक्षिसं, ढोल-ताशा, पाहुणे. साडेआठला बक्षिससमारंभ उरकला. हवेची कमान भाड्याची होती, माणसाला पुढचं काम होतं, त्याने जनरेटर बंद केला. कमान हळूहळू वाकायला लागली आणि तेवढ्यात एक बाई नातवाचा हात धरून आल्या. पाच किमी चालून. डोक्यावर येणारं ते कापड एका हाताने वर धरून, वाकून खालून गेल्या आणि विचारलं, "संपलं का?" मेडलंही संपली होती. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, नसलेल्या पोरांनीही नेली होती, आम्ही बघतच नव्हतो.

त्यामुळे कागद घ्या आणि उलट्या बाजूने हिशेब मांडा. सावकाश चालणारं ज्येष्ठ माणूस तासाला चार किमी धरा. पाच किमीला सव्वा तास. 10 किमीला दोन तास दिले की भरभर चालणाराही पोचतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो, अंधारात खड्डा दिसत नाही, म्हणून 10 वाले पावणेसातला सोडा, पाच आणि तीनवाले सव्वासातला. शेवटचा माणूस पावणेनऊपर्यंत येईल. वर अर्धा तास सोडा आणि पोलिसांकडे व नगरपालिकेकडे रस्ता सव्वानऊपर्यंत मागा, लेखी. होनोलुलूच्या मॅरेथॉनला वेळेची मर्यादाच नाही, शेवटचा येईपर्यंत रेषा उघडी असते. आपल्याला एसटीला वाट द्यावी लागते, त्यामुळे मर्यादा ठेवा, पण चालणाऱ्याला पुरेल अशी, आणि नोंदणीच्या वेळीच सांगा.

सगळ्यात मागे दोन स्वयंसेवक चालू द्या. आम्ही त्यांना शेपूट म्हणतो. त्यासाठी कॉलेजातले चपळ धावपटू निवडू नका, ते नकळत समोरच्याला ढकलतात. गप्पिष्ट माणसं निवडा. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन हे काम करतात, त्यांच्यासोबत चालायला मिळावं म्हणून काही जण मुद्दाम मागे राहतात. आणि एकच नियम सगळ्यांना पाठ करून घ्या : शेपूट पुढे गेल्याशिवाय पाण्याचं टेबल आवरायचं नाही, चौकातला माणूस हलायचा नाही, कमानीची हवा सोडायची नाही.

मार्ग पाच किमीचा लूप ठेवा, 10 वाले दोनदा मारतील. निम्मी टेबलं, निम्मे स्वयंसेवक, आणि रुग्णवाहिका कुठूनही चटकन पोचते. तोटा एकच, दुसऱ्या फेरीतले पळणारे चालणाऱ्यांच्या अंगावर येतात. चालणाऱ्यांनी डावीकडे राहायचं हे सुरुवातीलाच माइकवरून तीनदा सांगा.

21 पहिल्या वर्षी नको. रस्ता जास्त वेळ अडतो हे एक. दुसरं, लांब अंतरात त्रास सर्वांत हळू माणसाला होऊ शकतो, आणि तो पाणी कमी पडल्यानेच होतो असं नाही. बोस्टनच्या 2002 च्या मॅरेथॉनमध्ये शेवटी 488 जणांचं रक्त तपासलं, त्यात 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. चार तासांहून जास्त वेळ लागलेले आणि धावताना वजन वाढलेले, म्हणजे घटाघटा पाणी प्यायलेले, त्यांना धोका जास्त होता. आपले स्वयंसेवक प्रेमाने प्रत्येकाच्या हातात ग्लास कोंबतात. तहान लागेल तसं प्या, एवढंच सांगायला त्यांना शिकवा. छातीत दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं मात्र शेवटच्या किलोमीटरवर ठेवा. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमधल्या सुमारे 1 कोटी 9 लाख धावपटूंमध्ये 59 जणांचं हृदय थांबलं, आणि बहुतेकांचं शेवटच्या टप्प्यात. प्रमाण अगदी नगण्य आहे, पण माणसं उभी कुठे करायची ते यावरून कळतं.

मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची आणि अपंगांची स्वतंत्र शर्यत असते. तिथला आकडा वेगळा आहे. 500 माणसांत असे कप्पे करू नका, तोच मार्ग, तीच कमान. व्हीलचेअरवाल्यांना पाच मिनिटं आधी सोडा, म्हणजे गर्दीत अडकत नाहीत. पण शर्यतीच्या आठवडाभर आधी त्यांच्यातल्या एकाला चेअरवरून मार्ग फिरवून आणा. आम्ही नकाशावर 'सपाट रस्ता' लिहिलं होतं. चेअरवरून फिरून आलेल्या मुलाने सात स्पीडब्रेकर मोजून दाखवले, आणि एका ठिकाणी गटाराची जाळी अशी होती की पुढचं चाक आत गेलं. दृष्टिहीन धावपटूच्या सोबत्यालाही बिब आणि मेडल द्या, तोही तेवढंच अंतर पळतो. मेडलं मोजताना हे विसरायला होतं.

चिपचं म्हणाल तर 500 माणसांना गरज नाही. 10 किमीच्या पहिल्या तिघांची वेळ स्टॉपवॉचवर दोघांनी घ्या, बाकीच्यांना कमानीशेजारी मोठं घड्याळ दिसलं की पुरतं. पुढे कधी चिप आणलीत तर ती बिबच्या मागे असते आणि बिब छातीवर सपाट लागतं. साडीतल्या बायका ते पदराला लावतात, पदर उडतो, नोंद चुकते. चार सेफ्टी पिना जास्तीच्या द्या आणि ब्लाउजला-पदराला मिळून लावून देणारी एखादी बाई टेबलावर बसवा. टी-शर्टची सक्ती अजिबात करू नका. बारामतीत लता करे नऊवारीत, अनवाणी धावून ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या, हे आयोजकांना सांगितलं की वाद मिटतो.

पाहुण्यांना झेंड्यासाठी सव्वासाताची वेळ द्या, 10 वाले तोवर तुम्हीच सोडलेले असतील. ते उशिरा आले तरी कुणी खोळंबत नाही. भाषण असलंच तर शेपूट आल्यावर.

पोहे दोन पातेल्यांत करायला सांगा, दुसरं साडेआठला चढवायचं. आणि कमानवाल्याशी दहापर्यंतचं ठरवा, पैसेही सगळं आवरल्यावरच द्या.